रिपोर्टवर रविवारचं मटण लिहिलेलं नसतंय

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबणार आहे, आधीच सांगते, कापायचं असेल तर कापा पण मटणाचा भाग तेवढा ठेवा. मी कोल्हापूरचीच, गेली १७ वर्षं घरोघरी जाऊन रक्ताचं सॅम्पल घ्यायचं काम करते, होम कलेक्शन म्हणतात ते. सकाळी सहाला स्कूटी काढायची, राजारामपुरीतनं सुरुवात, मग मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, कधी फुलेवाडी कधी कसबा बावडा, आणि नऊच्या आत सगळ्या ट्यूबा लॅबला पोचवायच्या. डॉक्टर नाही मी, डीएमएलटी म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमा केलाय, त्यामुळं कुठली गोळी घ्या कुठली सोडा असलं काही सांगणार नाही. पण सकाळी सकाळी लोकांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मला जे दिसतंय ते डॉक्टरांना दिसत नाही, आणि लॅबमधल्या मशीनला तर अजिबातच नाही, म्हणून लिहायला बसले.

निमित्त झालं मंगळवार पेठेतल्या एका काकांचं. रिटायर माणूस, तब्येत ठणठणीत, पोरानं पुण्यात बसून फुल बॉडी चेकअपचं पॅकेज बुक करून दिलेलं, सोमवारी सकाळी सातला मी हजर. आदल्या रात्री भावकीतलं जेवण झालेलं, तांबडा-पांढरा, सुकं, खिमा, सगळं साग्रसंगीत, आणि पंगत उठायला साडेअकरा वाजलेले. मी विचारलं शेवटचं कधी जेवला, तर म्हणाले, "रात्री जेवलोय, सकाळपासनं पाणीबी घेतलं न्हाई बघा." आणि खरं सांगायचं तर मी पण पुढं काही विचारलं नाही, कारण फॉर्मवर एवढाच प्रश्न असतो, फास्टिंग आहे का नाही, बस्स. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला, क्रिएटिनिन १.५, लाल अक्षरात, शेजारी वर जाणारा बाण. त्या लॅबनं १.३ पर्यंत नॉर्मल असं छापलेलं. झालं, घरात सुतक पडल्यासारखं वातावरण. काकूंनी डाळ बंद केली, मीठ बंद केलं, मेव्हणे किडनीच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट शोधायला लागले आणि पोरगा रातोरात पुण्यातनं निघाला.

आता बघा, क्रिएटिनिन म्हणजे काही विष नव्हे. आपल्या स्नायूंमध्ये क्रिएटिन म्हणून एक पदार्थ असतोय, त्याचं रोज थोडं थोडं क्रिएटिनिन होतं आणि किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते, ते साठायला लागलं की समजायचं किडनी थकली. पण बोकडाच्या स्नायूंत पण तेच क्रिएटिन असतं की, आणि मटण चुलीवर शिजताना त्यातलं बरंचसं क्रिएटिनिन होऊन जातं, आणि ते रश्शाबरोबर पोटात जाऊन थेट रक्तात येतं. मशीनला काय कळणार हे काकांचं क्रिएटिनिन आहे का बोकडाचं. वर रात्रभर पाणी नाही, म्हणजे रक्त आणि घट्ट. इंग्लंडमधल्या नाइस नावाच्या सरकारी संस्थेच्या किडनीच्या गाइडलाइनमध्ये तर सरळ लिहिलंय की या टेस्टच्या आधी १२ तास मांस खाऊ नका. आमच्या काकांचे भरले साडेसात. त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, दोन दिवस साधं जेवा, पाणी प्या, गुरुवारी परत बघू. गुरुवारी आलं १.२. पोरगा पुण्याला परत गेला, जाताना मटणच खाऊन गेला हे वेगळं.

अशीच गोष्ट तालमीतल्या पोरांची. एक २२ वर्षांचा पैलवान, कुठल्यातरी भरतीच्या मेडिकलसाठी रक्त दिलं, त्यात एसजीओटी दुपटीच्या वर. एसजीओटी म्हणजे लिव्हर एवढंच लोकांना माहीत, त्यामुळं बापानं पहिला प्रश्न काय विचारला असेल, "पितोस काय रं?" पोरगं रडकुंडीला आलं. एसजीओटी नुसतं लिव्हरमध्ये नसतं, स्नायूंत पण असतं, आणि याचा आदल्या दिवशी जोर-बैठका आणि लढतीचा जोरात मेहनतीचा दिवस झालेला. अशा मेहनतीनंतर सीपीके नावाचा स्नायूंचा एन्झाइम तर हजारात जाऊ शकतो आणि खाली यायला काही दिवस लागतात. चार-पाच दिवस विश्रांती देऊन परत तपासलं, नॉर्मल. पैलवानाचं क्रिएटिनिन पण जरा वरच असायचं, शरीरात स्नायूच तेवढे. आणि याच्या उलट सांगते, ते जास्त महत्त्वाचं, ऐंशी वर्षांची काडीसारखी म्हातारी असेल आणि तिचं क्रिएटिनिन ०.९ आलं तर घरचे खुश होतात, पण तिच्या अंगात स्नायूच उरलेले नाहीत, मग क्रिएटिनिन तयार तरी कुठनं होणार, किडनी आतनं कमजोर असली तरी आकडा गोड दिसतो. म्हणून एकच आकडा पैलवानाला एक सांगतो आणि आजीला एक.

आता उपाशीपोटी या शब्दाबद्दल. संपादक साहेब, नवरात्रात माझी जी करमणूक होते ती तुम्हाला काय सांगू. नऊ दिवस अंबाबाईचे उपवास, आणि "उपवास हायच न्हवं, तर शुगर बी करून घेऊ" असा हिशोब. शिवाजी पेठेतल्या एका आजींना विचारलं, "आजी, उपाशी हाय न्हवं?" तर म्हणाल्या, "व्हय बाई, कडक उपास हाय माजा, सकाळी नुस्ती वाटीभर खिचडी आन केळं खाल्लंय." साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च हो, भातापेक्षा काही कमी नाही, त्यावर केळं, आणि देवीच्या हिशोबात तो उपवास असला तरी लॅबच्या हिशोबात ते भरपेट जेवण आहे. फास्टिंग शुगर म्हणजे निदान ८ तास पाण्याशिवाय काही नाही, चहा पण नाही, "बिनसाखरेचा च्या हाय" म्हटलं तरी त्यात दूध असतंच. हे कडक पाळायचं कारण पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यावर असतात. १०० च्या आत असली तर ठीक, १०० ते १२५ मधली म्हणजे उंबरठ्यावर, १२६ किंवा वर आली आणि परत तपासून पण तशीच आली तर डायबेटिस. खिचडीनंतरच्या १४० ला या पट्टीनं मोजलं तर आजींना फुकटची गोळी सुरू व्हायची. आणि उलटा प्रकार पण आहे, काही लोक संध्याकाळी सातला जेवतात आणि मला अकराला बोलावतात, सोळा तास झाले, चक्कर येते, आकडे पण बिघडतात. जास्त उपाशी म्हणजे जास्त चांगला रिपोर्ट असं काही नसतं.

कोलेस्टेरॉलचं मात्र आता जरा सैल झालंय. २०१६ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून सांगितलं की बहुतेक लोकांना लिपिड प्रोफाइल उपाशीपोटी करायची गरज नाही, कारण साध्या जेवणानं कोलेस्टेरॉल फारसं हलत नाही. हलतं ते ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी. ती जेवणानंतर काही तास चढलेली असते आणि तुपातेलाचं जेवण असेल तर बरीच चढते, आणि शुगर कंट्रोलमध्ये नसेल तर उपाशीपोटी पण चढलेलीच असते. लॅबमध्ये सॅम्पल मशीनमध्ये गरागरा फिरवलं की वर सिरम सुटतो, फिकट पिवळा, पारदर्शक. पण असल्या माणसाचा सिरम कसा दिसतो सांगू, हुबेहूब पांढऱ्या रश्शासारखा. खोटं नाही सांगत, आमच्या लॅबमधले टेक्निशियन तेच म्हणतात, "ताई, आज रस्सा आणलाय बघा." आणि असं दुधाळ सिरम असलं की नुसतं ट्रायग्लिसराइड नाही, बाकीच्या टेस्टची पण वाट लागते, कारण बरीच मशीनं सॅम्पलमधनं प्रकाश सोडून मोजतात आणि दुधातनं प्रकाश कसा जाणार. हिमोग्लोबिन खोटं जास्त दिसू शकतं, आणि वेगळ्या कारणानं सोडियम खोटं कमी. शिवाय ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ज्या जुन्या सूत्रानं काढतात ते सूत्र चालत नाही, तरी काही रिपोर्टवर आकडा छापलेला असतोच. कशाच्या जोरावर छापतात देव जाणे.

पण मला खरं लिहायचं आहे ते तापाबद्दल, कारण माझ्या घरात घडलंय. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात सासऱ्यांच्या पायाला शेतात काहीतरी लागलं, दोन दिवसात पाय सुजून लाल, ताप १०३, शहरातल्या एका दवाखान्यात ॲडमिट. शुगर केली, २७४. आयुष्यात कधी डायबेटिस नव्हता. डॉक्टरांनी इन्सुलिन दिलं, ते बरोबरच होतं, तेवढी शुगर असताना जखम भरत नाही. पण डिस्चार्जच्या कागदावर डायबेटिस असं लिहून आयुष्यभराच्या दोन गोळ्या लावून दिल्या, आणि सासरे घरी येऊन सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखे बोलायला लागले. मी म्हटलं थांबा. इन्फेक्शन झालं की शरीर त्याला संकट समजतं, ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं, लिव्हर साठवलेली साखर रक्तात ओततं, आणि इन्सुलिनचं त्या दिवसांत कुणी ऐकत नाही. शरीराला वाटतं लढाई आहे, रसद पाहिजे. त्यामुळं धडधाकट माणसाची शुगर पण तापात दोनशेच्या वर जाऊ शकते. वर ॲडमिट असताना सलाईनमधनं डेक्सट्रोज म्हणजे साखरच चालली असेल किंवा स्टेरॉइड दिलं असेल तर विचारूच नका.

मग ओळखायचं कसं, तर एचबीए१सी. ही टेस्ट त्या दिवसाची शुगर बघत नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्या काळात रक्तातली साखर त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी तिथं लिहिलेली असते, चार दिवसांच्या तापानं ती फारशी बदलत नाही. सासऱ्यांची आली ५.९. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ किंवा वर म्हणजे डायबेटिस. आमच्या डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू बंद केल्या (त्यांनी केल्या, आम्ही नाही, हे नीट लिहा), दीड महिन्यानं फास्टिंग १०८. आता चालतात, भात कमी केलाय, दर सहा महिन्यांनी तपासतो.

पण हे वाचून कुणी तापात आलेली शुगर सोडून देऊ नका, कारण फुलेवाडीतल्या एका दादांचं नेमकं उलटं झालं. पाठीवर मोठं गळू, शुगर ३१०, आणि घरच्यांनीच ठरवलं की गळवामुळं वाढली, गळू बसलं की शुगर बसेल. एचबीए१सी केली तेव्हा ९.२. म्हणजे शुगर महिनोन्महिने वाढलेलीच होती, कुणी बघितलीच नव्हती, आणि गळू झालं ते त्या शुगरमुळं. साखर जास्त असली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, जखम रेंगाळते, इन्फेक्शननं साखर अजून वाढते, वाढलेल्या साखरेनं इन्फेक्शन अजून. कोण आधी आलं हे एका दिवसाच्या आकड्यातनं कळत नाही. ताप उतरल्यावर परत तपासायचंच, दोन्ही बाजूंनी.

तापात बाकी काय काय हलतं त्याची पण गंमत आहे. कोलेस्टेरॉल चक्क कमी होतं, आजारपणात करून घेतलेलं कोलेस्टेरॉल बघून "बघा किती छान आलंय" म्हणणारे मी बघितलेत, बरं झाल्यावर दोन महिन्यांनी तेच परत वर. फेरिटिनचं उलटं. फेरिटिन म्हणजे शरीरात लोहाचा साठा किती ते सांगणारी टेस्ट, पण इन्फेक्शनमध्ये फेरिटिन उगाच वाढतं, म्हणजे बाईच्या अंगात लोह नसलं तरी तापात फेरिटिन ६० येऊन रिपोर्ट नॉर्मल, आणि बिचारी दम लागतोय म्हणत हिंडतेय. त्याच वेळी सिरम आयर्न मात्र खाली जातं, कारण जंतूंना पण लोह लागतं आणि शरीर ते लपवून ठेवतं, तिजोरीत टाकल्यासारखं. मला ही गोष्ट कळली तेव्हा शरीराचं कौतुकच वाटलं. सीआरपी, म्हणजे अंगात सूज-इन्फेक्शन किती ते सांगणारी टेस्ट, तापानंतर काही तासांत चढतं आणि कारण संपलं की रोज निम्म्यापेक्षा जास्त उतरतं, म्हणून आज केलेलं आणि परवा केलेलं यात जमीन अस्मानाचा फरक. ईएसआर, तसलीच दुसरी टेस्ट, मात्र आळशी, चढायला पण वेळ आणि उतरायला आठवडे, आणि ॲनिमिया असला, वय झालं असलं, बाई गरोदर असली तरी वाढतोच, तरी "ईएसआर ४५ आलाय, नक्की काहीतरी मोठं आहे" म्हणून रात्रीची झोप उडालेली माणसं मला महिन्यातनं दोन-तीन भेटतात.

आणि विडाल. विडालवर एकदा कुणीतरी पेपरात लिहायलाच पाहिजे. पावसाळा सुरू झाला की तापाच्या दुसऱ्या दिवशीच विडाल, आणि पॉझिटिव्ह आली की टायफॉइड, की लगेच सलाईन. १८९६ सालची टेस्ट आहे ही. ती जंतू बघत नाही, जंतूविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडी बघते, त्या तयार व्हायला आठवडाभर लागतो, आणि पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल, दुसरंच काही इन्फेक्शन असेल तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. खरी टेस्ट ब्लड कल्चर, ती पण अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी, पहिल्या आठवड्यात. पण कल्चरला चार-पाच दिवस लागतात, पैसे जास्त, आणि आपल्याला तर संध्याकाळपर्यंत नाव पाहिजे असतं आजाराचं. डेंग्यूचं पण दिवसावर असतं, एनएस१, म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचंच प्रोटीन, पहिल्या चार-पाच दिवसांत बघायचं, अँटीबॉडी पाचव्या दिवसानंतर. तापाचा कितवा दिवस हे मी ट्यूबवर पेनानं लिहिते, लॅबवाले हसतात मला, हसू देत.

आता एचबीए१सी म्हणजे ब्रह्मवाक्य असं वाटलं असेल तर माझ्या थोरल्या जावेचं ऐका. तिला ६.६ आली. साखर खात नाही, वजन कमी, घरात कुणाला डायबेटिस नाही, आणि फास्टिंग ९४. दोन टेस्ट दोन दिशांना. मग हिमोग्लोबिन बघितलं तर ८.१, पाळीला अंगावरनं जास्त जायचं, कधी कुणाला सांगितलं नाही. लोह कमी असलं की नव्या तांबड्या पेशी कमी बनतात, जुन्याच रक्तात जास्त राहतात, आणि जुनी पेशी म्हणजे जास्त दिवस साखर चिकटलेली पेशी, त्यामुळं एचबीए१सी खोटी जास्त दिसते. बी१२ कमी असलं तरी असंच होतं. तीन-चार महिने लोहाच्या गोळ्या झाल्या, हिमोग्लोबिन ११.८, एचबीए१सी ५.६. आणि ज्यांना नुकतंच रक्त चढवलंय, रक्तस्राव झालाय, किंवा पेशी लवकर फुटायचा आजार आहे त्यांची उलट खोटी कमी येते, म्हणजे शुगर असून लपते. जेवणाबरोबर चहा प्यायची सवय बायकांना लागलेली आहे आपल्याकडं, भाकरी-आमटीतलं जे काही लोह असतं ते चहानं अडतं, एवढं तरी जावेनं आता बंद केलंय. आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी घेणाऱ्यांचं बी१२ कमी होतं हे सगळ्या डॉक्टरांना माहीत आहे, पेशंटला मात्र हातापायाला मुंग्या आल्याशिवाय कळत नाही.

घरच्या ग्लुकोमीटरबद्दल एकच किस्सा. पन्हाळ्याच्या वाटेवर एका गुऱ्हाळावर गेले होते, मालकांची शुगर रोज घरीच बघतात, त्या दिवशी ३४०, माणूस घाबराघुबरा. बोट बघितलं, नुकताच रव्यातला, म्हणजे ढेपेतला, गुळाचा खडा मोडून पाव्हण्यांना चाखायला दिलेला. मी म्हटलं हात साबणानं धुवा, पुसा, दुसरं बोट द्या. १६२. ती ३४० त्यांची नव्हती, कोल्हापुरी गुळाची होती. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून चिकट साखर जात नाही, पाणी पाहिजे. आणि ही मशीनं १५ टक्के इकडं-तिकडं दाखवतात हे त्यांच्या नियमातच बसतं, त्यामुळं सकाळी १३२ आणि दहा मिनिटांनी १४१ आली म्हणून मला फोन करू नका, प्लीज.

सगळा दोष लोकांवर घालतेय असं वाटायला नको म्हणून माझी पण एक चूक लिहिते. सुरुवातीच्या वर्षांत एकदा एका बाईंचं शुगरचं सॅम्पल साध्या ट्यूबमध्ये घेतलं, राखाडी टोपणाची संपली होती, आणि मधेच मिसळ खायला थांबले, तीन तासांनी लॅबला पोचले. रक्त ट्यूबमध्ये गेलं तरी पेशी जिवंत असतात, त्या साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. त्या राखाडी ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं ते खाणं थांबवायला, पण त्याचा पण पूर्ण असर व्हायला तास-दोन तास लागतात. त्या बाईंची शुगर आली ११४, आठवड्यानं दुसरीकडं केली तर १३५. मी त्यांना जाऊन सांगितलं, माझी चूक झाली म्हणून. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं, खा की मिसळ." पण त्या दिवसापासनं डिकीत बर्फाची पिशवी असते माझ्या. दंडाला पट्टा फार वेळ आवळून मूठ उघडमीट करायला लावली तर पोटॅशियम खोटं वाढतं हे पण मला कुणी शिकवलं नव्हतं, चुका करूनच शिकले.

केसांच्या गोळ्या पण सांगूनच टाकते. बायोटिन असतं त्यात, जास्त डोसचं, आणि बऱ्याच थायरॉइडच्या किट बायोटिनवरच चालतात, त्यामुळं टीएसएच खोटं कमी आणि टी३-टी४ खोटं जास्त येऊ शकतं, थायरॉइड वाढलाय असं वाटतं. अमेरिकेत औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं २०१७ मध्येच इशारा दिलाय. पण "कुठली औषधं चालू आहेत" विचारलं की कोण केसांची गोळी सांगतंय, ती औषध थोडीच आहे, ती तर मेडिकलमधनं मैत्रिणीनं सांगितली म्हणून आणलेली.

आता माझं मागणं. पॅकेजमध्ये ७०-८० टेस्ट असतात. नॉर्मल रेंज कशी ठरवतात, तर निरोगी माणसांपैकी मधले ९५ टक्के ज्यात बसतात ती. म्हणजे प्रत्येक टेस्टला वीस निरोगी माणसांतला साधारण एक बाहेर पडणारच, आणि एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट एकदम केल्या तर काही आजार नसताना एक तरी लाल अक्षर यायची शक्यता ६४ टक्के. लाल अक्षर येणारच, प्रश्न एवढाच की ते वाचणाऱ्याला त्या दिवसाची हकीकत माहीत आहे का. ती फॉर्मवर नसते. शहरातल्या लॅबवाल्यांना तुमच्या पेपरामार्फत विनंती आहे, फॉर्मवर पाच ओळी वाढवा. शेवटचं जेवण किती वाजता आणि काय. गेल्या दोन-तीन आठवड्यांत ताप, जुलाब, जखम, दात काढणं असं काही झालंय का. स्टेरॉइड, टॉनिक, केसांची गोळी धरून सगळी औषधं. आदल्या दोन दिवसांत जोराचा व्यायाम. आणि सॅम्पल घेतल्याची खरी वेळ, लॅबला पोचल्याची नव्हे. आणि हे फॉर्मवरच राहू नये, रिपोर्टवर छापून यावं, कारण डॉक्टर फॉर्म बघत नाहीत, रिपोर्ट बघतात. एका लॅबवाल्यांना मी हे बोलले तर म्हणाले, "ताई, एवढं विचारत बसलो तर दिवसात किती सॅम्पल होणार?" त्यांचं पण बरोबर असेल त्यांच्या जागी. मी मात्र माझ्यापुरती एक वही केलीय, रोज लिहिते, फोनवर सांगायचं असेल तर सांगते. (फोनवर मी "येतो ओ, उपाशी ऱ्हावा" असं म्हणते, आमच्याकडं बायका असंच बोलतात, पत्रात म्हणून शुद्ध लिहितेय.)

हा, मंगळवार पेठेतल्या काकांचं राहिलं. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत क्रिएटिनिन करायला सांगितलंय, ते पुढच्या गुरुवारी आहे, आणि बुधवारी त्यांच्या घरी जत्रेचं जेवण. मी मंगळवारी फोन केला, म्हटलं काका गुरुवारचं शनिवारी करू. तर म्हणाले, "नगं, तूच बुधवारी सकाळीच ये, जेवायच्या आधी, आन मग जेवूनच जा."

आपली,
एक होम कलेक्शनवाली,
कोल्हापूर